डीप पर्पलचा ‘कन्चेर्टो’: बेळगावात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर अशा गावांतले आम्ही काही जण गेली बरीच वर्षं डीप पर्पलचा ‘कन्चेर्टो फॉर ग्रूप अँड ऑर्केस्ट्रा’ एकत्र बसून ऐकतो. कुणी मराठी शाळेतून आलेलं, कुणी कन्नड, कुणी कॅम्पातल्या इंग्रजी शाळेतून. नवीन माणूस आला की त्याचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून काढली आहेत. त्यांत आमची आवडनिवड दिसेल, कारण ही रचना आमच्या मनापासून आवडीची आहे.

ही रेकॉर्ड नेमकी काय आहे?

२४ सप्टेंबर १९६९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या मैफिलीचं हे थेट ध्वनिमुद्रण. एका बाजूला डीप पर्पल हा पाच जणांचा रॉक बँड, दुसऱ्या बाजूला रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, आणि दोघांना हाताशी धरून कंडक्टर माल्कम अर्नॉल्ड. संगीत बँडचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड याचं, शब्द गायक इयन गिलनचे. गिटारवर रिची ब्लॅकमोर, बेसवर रॉजर ग्लोव्हर, ड्रमवर इयन पेस. रचना तीन भागांची आहे आणि सलग ऐकली तर पाऊण तासाच्या वर जाते.

त्यांची वयं लक्षात घ्या. लॉर्ड २८ वर्षांचा होता, पेस २१ चा. गिलन आणि ग्लोव्हर त्याच वर्षी बँडमध्ये आले होते. म्हणजे हा पाच जणांचा संच अजून एकमेकांचे हात ओळखत होता आणि त्याच अवस्थेत तो एका पूर्ण सिम्फनी ऑर्केस्ट्राशेजारी जाऊन उभा राहिला.

आधीच्या गाण्यांना मागे व्हायोलिनं जोडली, असाच प्रकार ना?

नाही. हा गैरसमज सर्वांत आधी दूर व्हायला हवा. तयार गाणी घ्यायची आणि त्यांच्यामागे तंतुवाद्यांचा भराव घालायचा, हे काम आपल्याकडच्या सिनेसंगीतात फार उत्तम झालेलं आहे, आणि पाश्चात्त्य रॉकमध्येही झालेलं आहे. ‘कन्चेर्टो’ मात्र पहिल्या सुरापासून ऑर्केस्ट्रा आणि बँड या दोघांसाठी लिहिलेली नवी रचना आहे. क्लॅरिनेट, कॉर आंग्ले, बासरी, तुतारीसारखी पितळी वाद्यं, तंतुवाद्यं, प्रत्येकाची ओळ लॉर्डनं स्वतः कागदावर उतरवली होती. बँड चालू असतानाच, कार्यक्रमांच्या धावपळीत, रात्री बसून. रॉक बँडमधल्या माणसानं एवढा मोठा स्वरपट लिहून काढणं ही १९६९ मध्ये अगदीच दुर्मीळ गोष्ट होती.

ही कल्पना कुणाची? आणि अल्बर्ट हॉल कसा मिळाला?

कल्पना लॉर्डची. तो लेस्टरचा, जन्म ९ जून १९४१. लहानपणापासून पियानो शिकलेला, जुन्या जर्मन संगीतकार बाखच्या संगीतावर वाढलेला, आणि पुढे ब्लूज व जॅझच्या ऑर्गनवादनानं भारावलेला. जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या चमूनं सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं ध्वनिमुद्रण त्यानं ऐकलं होतं आणि तिथून हा विचार डोक्यात बसला. तो व्यवस्थापक टोनी एडवर्ड्सच्या कानावर गेला, आणि एडवर्ड्सनं हॉल ठरवूनच टाकला. तारीख पक्की झाली, तेव्हा रचना पुरी व्हायची होती. उरलेलं काम त्या तारखेनं करून घेतलं.

माल्कम अर्नॉल्ड कोण?

इंग्लंडचा नामवंत संगीतकार, मूळचा लंडन फिलहार्मोनिकमधला मुख्य ट्रंपेटवादक. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या चित्रपटाच्या संगीतासाठी त्याला ऑस्कर मिळालं होतं. स्वतः सिम्फनी, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना, लिहिणारा, आणि तरीही लोकप्रिय संगीताकडे नाक मुरडून न पाहणारा माणूस. त्या रात्री कार्यक्रमाची सुरुवात त्याच्याच सहाव्या सिम्फनीनं झाली, मग बँडनं आपली तीन गाणी एकट्यानं वाजवली, आणि त्यानंतर ‘कन्चेर्टो’.

सरावात ऑर्केस्ट्रातल्या काही वादकांची नाराजी उघड दिसत होती. केस वाढवलेल्या पोरांबरोबर आपण का वाजवायचं, असा सूर होता. अर्नॉल्डनं आपल्याच वादकांना खडसावलं आणि काम मार्गी लावलं, हे लॉर्डनं पुढे अनेकदा कृतज्ञतेनं सांगितलं. आम्हाला वाटतं, या रेकॉर्डच्या यशात अर्नॉल्डचा वाटा जेवढा मानला जातो त्याहून मोठा आहे. त्याच्या जागी उदासीन कंडक्टर असता तर लॉर्डचे कागद त्या सरावाच्या खोलीतच मिटले असते.

पहिला भाग सुरू होऊन सहा-सात मिनिटं झाली तरी बँड वाजतच नाही. रेकॉर्ड चुकीची लागली का?

बरोबरच लागली आहे. कृपा करून पुढे सरकवू नका. सर्वांत जास्त लोक इथेच सुटतात, आणि सर्वांत जास्त मिळतं तेही इथेच.

सुरुवात फार हलकी आहे. लॉर्ड आधी ऑर्केस्ट्राला पूर्ण घर देतो. धून हळूहळू उभी राहते, तंतुवाद्यांकडून लाकडी फुंकवाद्यांकडे जाते, पितळी वाद्यं तिला उचलून धरतात, आणि तुम्हाला वाटू लागतं की हे जग स्वतःत पुरेसं आहे. मग बँड आत घुसतो. ‘घुसतो’ हाच शब्द योग्य आहे. तो परवानगी घेत नाही. ड्रम, बेस, मुद्दाम खरखरीत केलेला ऑर्गन आणि ब्लॅकमोरची गिटार एकदम येतात आणि तीच धून आपल्या पद्धतीनं ओढून घेतात. ऑर्केस्ट्रा ती परत मागतो. पूर्ण भागभर ही ओढाताण चालते. लॉर्डनं दोघांना या भागात प्रतिस्पर्धी म्हणूनच लिहिलं आहे. मधे गिटारला आणि क्लॅरिनेटला एकेकट्यानं खुलायला जागा दिली आहे, तिला कॅडेन्झा म्हणतात. बाकी सगळे थांबतात आणि एकच वादक आपलं म्हणणं मांडतो.

आधीची सात मिनिटं ऐकलेली नसतील तर बँडचं येणं म्हणजे नुसता मोठा आवाज. ती ऐकलेली असली की आत कुणीतरी आल्याचं अंगावर कळतं. ख्याल ऐकणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. विलंबित ऐकल्याशिवाय द्रुतचा आनंद पुरा मिळत नाही, हे हुबळी-धारवाडच्या शेजारात वाढलेल्या माणसाला ठाऊकच असतं.

आमचं एक प्रामाणिक मत इथेच सांगतो. या भागातले काही सांधे खडबडीत आहेत. बँडकडून ऑर्केस्ट्राकडे जाताना एक-दोन ठिकाणी संगीत अडखळतं, आणि ब्लॅकमोरचं गिटारवादन जरा लांबतं. पण वादन इतकं पेटलेलं आहे की ती लांबी आम्हाला कधी डाचली नाही.

मग याला जुगलबंदी म्हणायचं का?

आमच्यात यावरून पुष्कळ वाद झालेले आहेत. जुगलबंदीत दोन कलाकार वेगळे असले तरी राग एकच, ताल एकच, समेची जागा दोघांना ठाऊक. कायदा आधीच मान्य झालेला असतो. इथे पहिल्या भागात कायदाच वेगवेगळा आहे. ऑर्केस्ट्रा लिहिलेलं वाजवतो, बँडला कित्येक ठिकाणी उत्स्फूर्त वाजवायची मोकळीक आहे. ऑर्केस्ट्राची लय कंडक्टरच्या काडीत असते, बँडची लय ड्रमरच्या मनगटात.

शिवाय एक साधी भौतिक अडचण आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ड्रमपासून १७ मीटरवर बसलेल्या वादकाला ठोका सेकंदाच्या विसाव्या भागानं उशिरा ऐकू येतो. कान ऐकत बसला तर तो मागे पडणार. डोळा काडीवर ठेवला तर ड्रमशी फारकत झाल्यासारखं वाटणार. त्यातून बँडचे अॅम्प्लिफायर प्रचंड, व्हायोलिनं मात्र लाकडाच्या स्वतःच्या आवाजावर. अल्बर्ट हॉल लंबगोल आणि अवाढव्य, प्रतिध्वनीसाठी कुप्रसिद्ध; तो आटोक्यात आणण्यासाठी छताखाली मोठ्या छत्र्यांसारख्या तबकड्या बसवल्या, त्यासुद्धा त्याच १९६९ साली. एवढं सगळं असताना पेस आणि अर्नॉल्ड एकमेकांना धरून राहतात, हे नीट ऐका. डाव्या-उजव्या बाजूला लक्ष न देता फक्त लयीवर लक्ष ठेवून एकदा पूर्ण रेकॉर्ड ऐकावी, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

तर जुगलबंदी म्हणायचीच असेल तर तिसऱ्या भागाला म्हणा. पहिल्याला नको.

दुसऱ्या भागावर तुमचं एवढं प्रेम का?

कारण भांडण संपल्यावर दोघं एकमेकांचं ऐकू लागतात, ते याच भागात. वेग संथ. दोन धुनांवर सगळी इमारत आहे. पहिली कॉर आंग्लेवर येते, दुसरी बासऱ्यांवर. कॉर आंग्ले म्हणजे ओबो या फुंकवाद्याच्या कुळातलं, पण जरा खालच्या पट्टीचं, भरल्या गळ्याचं वाद्य. सनई ऐकत वाढलेल्या कानाला या वाद्याची ओळख लगेच पटते, कारण दोन्हीकडे आवाज काढणारी पाती दुहेरी असते. खानापूरकडच्या एका आजींनी ही धून पहिल्यांदा ऐकली तेव्हा हातातलं काम थांबवून विचारलं, ‘कोण वाजवालंय ओ हे?’ आमच्या मते या भागाला मिळालेली ती उत्तम दाद आहे.

मग गिलन गातो. त्यानं शब्द अगदी ऐनवेळी लिहिले, तरी त्यात घाईचा मागमूस नाही. पुढच्या वर्षी ज्याच्या किंकाळीनं रॉकचं गाणं बदलून टाकलं तो हाच गायक, पण इथे आवाज मोकळा, सौम्य, काहीसा एकाकी. त्याच्यामागे तंतुवाद्यं येतात ती भराव म्हणून येत नाहीत. गाण्याच्या ओळी संपतात तिथून ती पुढचं वाक्य बोलतात. पुढे ब्लूजच्या ढंगाचा तुकडा आहे, मग लॉर्डचा ऑर्गन एकटा, मग चार तंतुवाद्यांची चौकडी, आणि शेवट अगदी शांत.

जुन्या लाँगप्लेवर हा भाग दोन बाजूंमध्ये तुटला होता. मधेच उठून तबकडी उलटायला लागायची. आज सलग ऐकता येतो, ही खरी चैन.

आणि तिसरा भाग?

वेगवान, उत्सवी, दोघंही आता एकाच बाजूचे. सहा-आठच्या (सहा छोट्या मात्रांच्या) आणि दोन-चारच्या (दोन मात्रांच्या) ठेक्यांमध्ये ये-जा आहे, त्यामुळे पाय थांबत नाही. मधे पेसचं एकट्याचं ड्रमवादन. ते ऐकताना त्याचा डावा हात ऐका, किती हलका आहे. जोर लावून वाजवणारे ड्रमर पुष्कळ. पेसच्या हातात जॅझचा झोल आहे. गणपतीत ढोल-ताशा वाजवणारी आमच्यातली पोरं या तुकड्यावर फिदा आहेत. त्या रात्री टाळ्या थांबेनात, म्हणून या भागाचा शेवट पुन्हा वाजवावा लागला.

ऑर्गनचा आवाज एवढा ओळखीचा का वाटतो?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत आवडतो, कारण तो फक्त आपल्याकडेच विचारला जातो. संगीत नाटकाच्या साथीला पायानं भाता चालवायचा ऑर्गन असायचा. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचा पाया घातला, त्यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. नाट्यपदाच्या मागे सतत धरलेला तो भरदार सूर बेळगावच्या मागच्या पिढ्यांच्या कानात पक्का बसलेला आहे.

लॉर्डचा हॅमंड ऑर्गन यंत्र म्हणून वेगळा. नाटकातल्या ऑर्गनमध्ये हवेनं पितळी पट्ट्या थरथरतात. हॅमंडमध्ये दातेरी धातूची चाकं चुंबकासमोर फिरतात आणि त्यातून विजेचा सूर तयार होतो. त्यात हवेचा काहीच संबंध नाही. पण बोट ठेवलं आहे तोवर सूर टिकतो, हा गुण दोन्हीकडे सारखा. म्हणून ऑर्गन गाण्याला धरून ठेवतो. पियानोचा सूर उमटतो आणि विरतो. ऑर्गन सोबत करतो. ‘कन्चेर्टो’त लॉर्ड हीच गोष्ट चतुराईनं वापरतो. ऑर्गनचा लांब सूर तंतुवाद्यांशी मिसळतो, आणि तोच ऑर्गन अॅम्प्लिफायरमधून खरखरीत केला की गिटारच्या पंक्तीला जाऊन बसतो. दोन्ही घरांची किल्ली त्याच एका वाद्याकडे आहे.

बँडमधल्या बाकीच्यांना हे आवडलं होतं का?

सगळ्यांना नाही. ब्लॅकमोरला कडक रॉक वाजवायचं होतं. वर्तमानपत्रं लॉर्डलाच बँडचा प्रमुख समजू लागली, तेही बाकीच्यांना रुचलं नाही. ऑर्केस्ट्रावाला बँड असा शिक्का बसला तर आपण अडकू, ही त्यांची भीती रास्त होती. म्हणून पुढची रेकॉर्ड ब्लॅकमोरच्या मनाप्रमाणे करायचं ठरलं. जून १९७० मध्ये ‘इन रॉक’ आली आणि डीप पर्पलची जगभरातली ओळख त्यावरच उभी राहिली. लॉर्डनं ऑर्केस्ट्राची वाट सोडली नाही. बीबीसीसाठी ‘जेमिनाय स्वीट’ लिहिलं आणि आयुष्यभर त्या बाजूचं काम करत राहिला. ब्लॅकमोरला कमी लेखणारे चाहते आम्हाला भेटतात. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. मनाविरुद्ध असूनही त्या रात्री तो जसा वाजवला, तसं वाजवायला मोठं काळीज लागतं.

मूळ स्वरलिपी हरवली होती, हे खरं का?

खरं. अल्बर्ट हॉलनंतर २५ ऑगस्ट १९७० रोजी लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोलमध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर ‘कन्चेर्टो’ पुन्हा वाजला. कंडक्टर लॉरेन्स फॉस्टर. त्यानंतर ते कागद गहाळ झाले. सिम्फनी ऑर्केस्ट्रा कागदाशिवाय वाजवू शकत नाही. प्रत्येक वादकापुढे त्याची स्वतःची ओळ लागते. कागद गेले म्हणजे रचना फक्त रेकॉर्डमध्ये राहिली, माणसांच्या हातांतून गेली. जवळपास ३० वर्षं ती कुणीच वाजवू शकलं नाही.

मग मार्को द खूय या तरुण डच संगीतकारानं आपण होऊन एक काम हाती घेतलं. १९६९ चं ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकायचं, चित्रफीत पाहायची, आणि एकेक वाद्याची ओळ कानानं वेगळी करून कागदावर उतरवायची. हे किती अवघड आहे, याचा विचार करा. वरची व्हायोलिनं ऐकू येतात, ट्रंपेट ऐकू येतात. पण बँड पूर्ण जोरात असताना मधल्या व्हिओलांनी (व्हायोलिनहून जरा खालच्या पट्टीच्या) कुठला सूर धरला आहे, दुसरा बॅसून (खालच्या पट्टीचं लाकडी फुंकवाद्य) काय करतो आहे, हे त्या मुद्रणात जवळपास बुडून गेलेलं आहे. द खूयनं ते काढलं. जे निघेना ते लॉर्ड आणि कंडक्टर पॉल मान यांच्या मदतीनं भरलं. २५ आणि २६ सप्टेंबर १९९९ रोजी, त्याच अल्बर्ट हॉलमध्ये, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर ‘कन्चेर्टो’ पुन्हा उभा राहिला. गिटारवर तेव्हा स्टीव्ह मॉर्स होता.

ही गोष्ट सांगितली की आमच्याकडे कुणीतरी सुळेभावीचं नाव काढतंच. बेळगावपासून जवळच्या त्या गावात १९२४ साली शिवपुत्र कोमकळीमठ जन्मला. लहानपणीच तो मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचा, आणि पुढे कुमार गंधर्व झाला. तबकडीवरून कानानं गाणं परत उभं करता येतं, यावर बेळगावच्या माणसाला विश्वास ठेवायला वेळ लागत नाही. फरक एवढाच की द खूयला एका गळ्याऐवजी पूर्ण वाद्यवृंद ऐकायचा होता. आमच्या लेखी या रचनेचा सर्वांत मोठा चाहता तोच. आवड असणं वेगळं. आवडीपोटी हजारो सूर एकेक करून परत आणणं फार वेगळं.

कुठलं ध्वनिमुद्रण आधी ऐकावं?

१९६९ चं. त्यात चुका ऐकू येतात, तोल कधी इकडे तर कधी तिकडे जातो, पण धोका पत्करल्याची जी धग आहे ती पुढच्या कुठल्याही मुद्रणात नाही. २००२ च्या आवृत्तीत त्या रात्रीचा पूर्ण कार्यक्रम आहे, अर्नॉल्डच्या सिम्फनीसकट. जमलं तर तीच मिळवा.

१९९९ चं मुद्रण स्वच्छ आहे, ऑर्केस्ट्राची वीण जास्त उलगडते, आणि हरवलेलं परत मिळाल्याचा आनंद त्यात भरून राहिलेला आहे. १९६९ मध्ये न ऐकू आलेल्या ओळी इथे सापडतात.

तिसरं २०१२ चं, स्टुडिओतलं. रॉयल लिव्हरपूल फिलहार्मोनिक, कंडक्टर पॉल मान, गायकांत ब्रूस डिकिन्सन, गिटारवादकांत जो बोनामासा. लॉर्ड तेव्हा कर्करोगानं आजारी होता. पूर्ण झालेलं मुद्रण त्याला ऐकायला मिळालं आणि १६ जुलै २०१२ रोजी तो गेला. वयाच्या २८ व्या वर्षी लिहिलेलं काम ७१ व्या वर्षी नीटनेटकं करून ठेवणारा माणूस आम्हाला फार मोठा वाटतो.

मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचं ऑर्केस्ट्रावालं याहून चांगलं नाही का?

वेगळं आहे. १९९९ च्या एप्रिलमध्ये बर्कली इथे सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर झालेली ती मैफल आम्हालाही प्रिय आहे, आणि मायकल केमननं ऑर्केस्ट्रासाठी केलेली मांडणी फार ताकदीची आहे. पण तिथे बहुतेक गाणी आधीची आहेत. दोन्ही ऐका. वयानं तिशीच्या आतले बहुतेक जण तिकडूनच इकडे येतात, आणि तो रस्ता चांगला आहे.

कशावर आणि केव्हा ऐकावं?

मोबाइलच्या स्पीकरवर नको. या रचनेत अगदी हळू आणि अगदी मोठा यांच्यातलं अंतर फार आहे, ते छोट्या स्पीकरला झेपत नाही. बरे हेडफोन किंवा घरातली जुनी पण धड असलेली साउंड सिस्टिम पुरते. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका. सातव्या मिनिटाला पस्तावाल.

बेळगावच्या पावसाळ्यात हे सांगणं जास्तच गरजेचं आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कौलांवर पाऊस कोसळत असताना पहिल्या भागाची सुरुवात चक्क वाहून जाते. त्या दिवसांत हेडफोनच बरे. दिवाळीनंतरच्या थंडीतली रात्र सर्वांत उत्तम. घरातले ‘हे काय ऐकुलालास?’ विचारतील; त्यांना दुसऱ्या भागापासून बसवा.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे रुचेल का? त्यात राग कुठे आहे?

राग शोधायला गेलात तर निराशा होईल. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी अनेक सूर एकमेकांवर रचले जातात, आणि ते थर बदलत जातात त्यातून कथा पुढे सरकते. आपल्याकडे एकच सूर खोलवर नेला जातो. ऐकायची सवय वेगळी लागते. तरी ज्यांना नाट्यपदांची आणि जुन्या हिंदी गाण्यांची गोडी आहे त्यांना फार अडचण येत नाही, कारण मुंबईच्या सिनेसंगीतात व्हायोलिन, चेलो, ट्रंपेट वाजवणारे कित्येक वादक गोव्याचे होते आणि सिम्फनीचे संस्कार त्यांनी आपल्या गाण्यांत आधीच मिसळून ठेवले आहेत. चोर्ला घाटापलीकडची ती मंडळी नसती तर आपल्या कानाला हे सूर एवढे जवळचे वाटले नसते. शिवाय कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडची पितळी वाद्यं लांबून का होईना ऐकलेली असतात.

आमच्यातल्या एका काकांनी तीनदा ऐकून पहिला भाग नापसंत केला आणि दुसरा पसंत. त्यांचं मत त्यांच्यापाशी. आम्ही आग्रह करत नाही.

प्रत्यक्ष सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऐकायला कुठे जावं?

जवळात जवळ मुंबई. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ साली स्थापन झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे; त्याच्या मैफिली ठरावीक मोसमांत होतात. बेळगावहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी मुंबई. गोव्यात पूर्ण सिम्फनी नेहमी नसते, पण पाश्चात्त्य संगीताचं वातावरण आहे आणि पणजीच्या कला अकादमीत ते शिकवलंही जातं. चर्चमधली व्हायोलिनं ऐकायला मिळाली तर जरूर ऐका. एकदा साठ-सत्तर वाद्यं अॅम्प्लिफायरशिवाय, फक्त हॉलच्या भिंतींच्या आधारानं ऐकली की १९६९ मध्ये लॉर्डनं कशाला हात घातला होता ते ध्यानात येतं.

आमच्या मुलाकडे गिटार आहे, मुलगी व्हायोलिन शिकते. घरी यातलं काही बसवता येईल का?

येईल. आमच्यातल्या काहींनी दुसऱ्या भागातली पहिली धून बासरी, व्हायोलिन आणि पेटीवर बसवली आहे. कॉर आंग्लेची ओळ बासरीला द्या, पेटीवर लांब सूर धरा, आणि दुसरी धून आली की व्हायोलिनला पुढे येऊ द्या. गिटार पहिल्या दिवशी गप्प ठेवा. धून सगळ्यांच्या कानात बसल्यावरच तिला आत घ्या. वेग संथ असल्यामुळे शिकाऊ हातांनाही दम लागत नाही, पण सूर लांबवावे लागतात, तेव्हा बासरीवाल्यानं श्वासाच्या जागा आधी ठरवून घ्याव्यात. पहिला भाग घरी बसवायचा प्रयत्न करू नका, चार वाद्यांत त्याचं काही उरत नाही. तिसऱ्यातला सहा-आठचा ठेका मात्र ढोलकीवर चांगला लागतो. आणि गल्लीतल्या गणपतीपुढे किंवा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात जाहीरपणे वाजवायचं ठरलं, तर प्रकाशकाची परवानगी आधी घ्या.